काडी हाताला लागत नाही आणि नवरा म्हणतो आधी वकील बघू

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई, माझं वय ३१. दोन वर्षांपूर्वी दंडात गर्भनिरोधक इम्प्लांट बसवलं. पहिले कित्येक महिने सतत डाग दिसायचे, आता पाळीच येत नाही. आधी काडी बोटाला लागायची, गेले काही महिने लागत नाही. नवऱ्याने नेटवर वाचलं की ती फुफ्फुसात जाते आणि बायकांना कंपनीकडून भरपाई मिळते. तो म्हणतो आत्ता काढू नकोस, पुरावा जाईल. डॉक्टर म्हणाल्या हे नॉर्मल आहे. मी रात्री जागी राहून दंड चाचपत बसते. काय करू?"

अगं, आधी ते पुराव्याचं डोक्यातून काढून टाक. दंड तुझा आहे, काडी ठेवायची की काढायची हे तू ठरवायचंस, त्याला ना वकिलाची परवानगी लागते ना नवऱ्याची, आणि "मला नको आहे" एवढं कारण पुरेसं असतं. शिवाय काडी काढल्याने पुरावा जात नाही. पुरावा म्हणजे केसपेपर, फोटो, रिपोर्ट, आणि काढलेली काडी डबीत मागून घेतलीस तर ती पण. उलट माहीत असूनही वर्षभर तसंच ठेवलंत तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, की एवढा त्रास होता तर थांबलात कशाला?

आता "नॉर्मल आहे" बद्दल. तुझ्या डॉक्टर अर्ध्या बरोबर आहेत. या एका काडीच्या इम्प्लांटमध्ये ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल नावाचं हॉर्मोन असतं, काडी साधारण ४ सेंटीमीटरची, आणि त्यावर पाळी बिघडणं हीच सगळ्यात मोठी तक्रार आहे. कोणाला महिनाभर डाग, कोणाची पाळी पूर्ण बंद, पाचातल्या साधारण एकीची तरी बंद होते, आणि इम्प्लांटच्या चाचण्यांमध्ये दहातल्या साधारण एकीने फक्त रक्तस्रावाला कंटाळून ती काढून घेतली. धोका नाही म्हणजे सहन करायलाच हवं असं कुठे लिहिलंय, पण ते असो. काडी हाताला न लागणं मात्र नॉर्मल नाही. ही वेगळी तक्रार आहे आणि मला वाटतं तू दोन्ही एका दमात सांगितल्यास म्हणून दोन्हीला एकच उत्तर मिळालं. या वेळी फक्त एवढंच बोल, "इम्प्लांट आधी लागत होतं, आता लागत नाही, शोधून द्या", आणि हे वाक्य केसपेपरवर लिहायला लाव.

काडी सापडेपर्यंत ती काम करत नाहीये असं धरून चाल, म्हणजे कंडोम वापरा, आणि पाळी नाहीये तर प्रेग्नन्सी टेस्टही करून टाक, उगाच डोक्याला आणखी एक घोर नको. मग इमेजिंग. हल्लीच्या काडीत बेरियम सल्फेट असतं त्यामुळे ती एक्स-रेत दिसते, सोनोग्राफीतही अनुभवी माणसाला सापडते. बहुतेक वेळा निघतं काय, तर वजन वाढलंय किंवा काडी थोडी खोल गेलीय, आणि ती दंडातच बसलेली असते. दंडात नाहीच दिसली तर छातीचा एक्स-रे किंवा सीटी, आणि तिथेही नसेल तर हॉर्मोन रक्तात आहे का ते बघता येतं. एक गोष्ट मात्र घट्ट धर, जागा कळल्याशिवाय कोणालाही ब्लेड लावू देऊ नकोस, "बघू जरा उघडून" हा प्रकार नको. दंडाच्या आतल्या बाजूला नसा आणि रक्तवाहिन्या आहेत, खोल गेलेली काडी काढायला त्यातला हात बसलेला सर्जनच हवा.

फुफ्फुसाचं खोटं नाहीये. काडी रक्तवाहिनीत शिरून फुफ्फुसाच्या धमनीपर्यंत गेल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, कंपनीच्या माहितीपत्रकातही तो इशारा आहे, पण फार फार क्वचित होतं. दम लागला, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, एकाच पायाला सूज आली, किंवा भयंकर डोकेदुखीसोबत नजर अंधुक झाली तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

आता नवऱ्याची भरपाई. त्याने बहुतेक तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पातेल्यात शिजवल्यात. अमेरिकेत १९९० साली नॉरप्लांट नावाचं सहा नळ्यांचं इम्प्लांट मंजूर झालं, पुढे हजारो बायकांनी दावे टाकले, डोकेदुखी, रक्तस्राव, काढताना झालेले हाल आणि राहिलेले व्रण यासाठी. १९९९ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता सुमारे ३६ हजार जणींना प्रत्येकी १५०० डॉलर देऊ केले, आणि २००२ मध्ये ते तिथल्या बाजारातून गेलं. दीड हजार डॉलर, तेही वर्षानुवर्षं कोर्टाची वाट बघून. तेव्हा करोडपती व्हायची स्वप्नं जरा बाजूला ठेवायला सांग त्याला. कंपनीचा बचाव साधारण असा होता की आम्ही डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं, पुढे पेशंटला सांगणं डॉक्टरांचं काम, आणि हा बचाव बऱ्याच ठिकाणी चालतोही. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने मात्र याच नॉरप्लांटच्या एका दाव्यात १९९९ साली म्हटलं की थेट बायकांपुढे जाहिरात करता, मग इशारा पण त्यांना द्यायला हवा. माझ्या मते बरोबर म्हटलं.

आणि मेंदूतल्या गाठीची, मेनिंजिओमाची जी चर्चा सुरू आहे ती मुख्यतः मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हॉर्मोनच्या गर्भनिरोधक इंजेक्शनबद्दल आहे. २०२४ मध्ये फ्रान्समधला मोठा अभ्यास आला, त्यात ते इंजेक्शन वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांत धोका ५ पटीहून जास्त दिसला. (मुळात ही गाठ दुर्मिळ, त्यामुळे पाच पटही थोडकीच, पण वकिलांच्या जाहिरातीत हे सांगत नाहीत.) तुझ्या दंडात ते औषध नाही.

तुझी केस होऊ शकते का? काडी चुकीच्या खोलीवर बसवली असेल, बसवताना धोके सांगितलेच नसतील, किंवा तक्रार करूनही कोणी शोधलं नसेल आणि त्यातून खरंच इजा झाली असेल तर दावा बहुतेक डॉक्टर किंवा हॉस्पिटलवर उभा राहतो, कंपनीवर नाही. नुसती भीती वाटली म्हणून भरपाई मिळत नाही गं. दाव्याला मुदत असते आणि ती प्रत्येक देशात वेगळी, त्यामुळे इजा निघाली तर तुझ्या ठिकाणच्या वकिलाला लवकर भेट, जाहिरातीतल्या फॉर्ममध्ये नाव-फोन भरून नको. तोपर्यंत बसवल्याची तारीख, कोणत्या हाताला, कोणी बसवली, लॉट नंबरचं कार्ड, सही केलेल्या कन्सेंट फॉर्मची कॉपी हे सगळं मागून ठेव. तपासणीलाही हेच कागद लागतात, एका फेरीत दोन्ही कामं होतील.

काढायचं ठरलं तर पुढचं काय वापरणार हे त्याच दिवशी ठरवून ये, कारण काडी निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आतही दिवस जाऊ शकतात. नवऱ्याला सोबत न्यायचं तर ने, कागदांची फाईल त्याच्या हातात दे, पण डॉक्टरांशी तू बोल. आणि रिपोर्ट आला की मला कळव.