जुना फिल्म कॅमेरा: झेनिट घेऊ, कॅनन घेऊ की आजोबांचा यशिका?

प्रश्न: दादा नमस्कार, मी मूळची चिपळूणची, पुण्यात सेकंड इयरला आहे. फोटोग्राफी नीट मुळापासून शिकायचीये म्हणून मॅन्युअल फिल्म कॅमेरा घ्यायचाय, बजेट ओढूनताणून १०,००० रुपये. जुन्या बाजारात एक झेनिट ई ३५०० ला मिळतोय आणि एक दुकानदार कॅनन एई-१ १४,००० ला देतोय, वरचे पैसे नंतर द्या म्हणतो. गावी आजोबांचा यशिका एफएक्स-३ पण आहे पण त्याचं चामडं सोललंय आणि वीस वर्षं कोणी हात लावला नाहीये. काय करू?

उत्तर: अगं, मग आधी गावी जाऊन तो यशिका आण की! चामडं सोललंय म्हणून घाबरू नकोस, या यशिकांचं ते हमखास सोलतंच, आत काही बिघाड असेल असं त्यावरून ठरत नाही. त्याचं शटर (फिल्मवर उजेड पाडणारा पडदा) पूर्ण यांत्रिक आहे, उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी दोन एलआर४४ बटन सेल लागतात, घड्याळवाल्याकडे मिळतात, आणि सेल संपले तरी फोटो निघतात, फक्त मीटर बंद.

आता तपासायचं कसं. रोल न घालता मागचं झाकण उघड, शटर १ सेकंदावर ठेव, दाब आणि मनात 'एक हजार एक' म्हण. तेवढ्यात बंद झालं तर ठीक, अडकलं किंवा दोन-तीन सेकंद रेंगाळलं तर आतलं जुनं तेल घट्ट झालंय, सर्व्हिसिंग लागणार. जुन्या कॅमेऱ्यात आधी हे स्लो स्पीडच दगा देतात, म्हणून दुकानदार नेहमी १२५ वर (म्हणजे १/१२५ सेकंदावर) टकटक करून दाखवतो, आपण १ वर मागायचं! मग झाकणाच्या कडेचा काळा फोम बघ, बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर बदलावा लागेल, नाहीतर उजेड आत शिरून फोटोवर लाल-केशरी पट्टे येतात. हे काम घरी होतं, काहीजण बिजागरीच्या खाचेत चक्क काळी लोकर भरतात.

आणि लेन्स. कोकणातलं कपाट म्हणजे बुरशीचं माहेर. लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोत फारसं कळत नाही, मधोमध असेल तर साफ करून घे. आणि यापुढे त्या लेदर केसमध्ये ठेवू नकोस, चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव, बास.

यशिका खरंच गेलेला निघाला तर मग झेनिट की कॅनन? मी तरी कॅनन घेणार नाही. कॅमेरा वाईट नाहीये, १९७६ साली आला तेव्हा प्रचंड गाजला होता, पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, ६ व्होल्टचा सेल गेला की बटनच दाबलं जात नाही आणि सर्किट गेलं तर रिपेअर करणारा शोधत फिर. शिवाय तो मुळात अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) स्वतः ठरवणारा, मॅन्युअलवर टाकला की फाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) मीटरचा आकडा दिसतो पण आपण लावलेला दिसत नाही, शिकणाऱ्याचा गोंधळच. त्यात उधारी, आणि तुझ्याकडे रोलला पैसे उरणार नाहीत! कलर रोल, धुलाई, स्कॅन धरून ३६ फोटोंना आज हजाराच्या वर जातात.

झेनिट दणकट रशियन गडी, पण हट्टी. शटरचा स्पीड फक्त १/३० ते १/५०० सेकंद, म्हणजे घरात कमी उजेडात पंचाईत. फोकस करून मग रिंग फिरवून अॅपर्चर हाताने बंद करायचं, फाइंडरमध्ये एकदम अंधारून येतं. मीटर सेलशिवाय चालतं पण इतक्या वर्षांनी बहुतेकांचं मेलेलं असतं. तरी ३५०० ला चालू स्थितीत असेल तर घे, १०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील) रोल घालून कडक उन्हात अॅपर्चर एफ १६ आणि स्पीड १२५ हे पाठ कर, मीटर नसलं तरी काम भागतं. ३५०० च्या वर मात्र एक रुपया देऊ नकोस. थांबायची तयारी असेल तर पेंटॅक्स के१००० वर डोळा ठेव, १९७६ ते १९९७ बनत होता तो आणि शिकायला त्याच्याइतका साधा कॅमेरा नाही, फक्त त्याला मीटर बंद करायचं बटन नाही म्हणून लेन्सचं झाकण लावून ठेवायचं, नाहीतर सेल उतरतो.

आणि एक, माझा पहिला रोल अख्खा कोरा आला होता, फिल्मचं टोक स्पूलमध्ये (फिल्म गुंडाळणाऱ्या रिळात) अडकलंच नव्हतं आणि मी आपला ३६ वेळा ऐटीत क्लिक करत फिरलो. रोल कॅमेऱ्यात घातल्यावर फिल्म पुढे सरकवताना डाव्या बाजूचा रिवाइंडचा नॉब फिरतोय का बघ. फिरत नसेल तर झाकण उघडून टोक परत नीट अडकव, फार तर दोन-तीन फ्रेम वाया जातील.