वाचकांचे प्रश्न : गुडघ्याची प्रश्नावली व्हिएतनामीत नेताना

प्रश्न : व्हिएतनाममधल्या एका रुग्णालयासोबतच्या संशोधनात मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांसाठी 'लोअर एक्स्ट्रिमिटी फंक्शनल स्केल', म्हणजे पायांच्या रोजच्या हालचालींत किती अडचण येते हे मोजणारी इंग्रजी प्रश्नावली, आम्ही व्हिएतनामीत आणली. उलट भाषांतर, म्हणजे व्हिएतनामीतून परत इंग्रजीत केलेले, मूळ इंग्रजीशी जवळजवळ शब्दशः जुळते. आता ती थेट रुग्णांना द्यावी का?

उत्तर : इतक्यात नको. उलट भाषांतर तंतोतंत जुळले की उलट शंका यावी. शब्दाला शब्द ठेवून केलेले बोजड व्हिएतनामी वाक्य इंग्रजीत परत नेणे सोपे असते. ते सत्तरीच्या आजींना कळले का, हे त्यातून समजत नाही.

आधी हक्कधारकांची लेखी परवानगी हातात आहे ना, आणि या प्रश्नावलीची व्हिएतनामी आवृत्ती आधीच झालेली नाही ना, हे पाहून घ्या. मग पायऱ्या तपासा. व्हिएतनामी मातृभाषा असलेले दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात. त्यातला एक विषय जाणणारा, दुसरा मुद्दाम अजाण. दोन्ही मसुद्यांचा एक केला की तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या, मूळ प्रत न पाहिलेल्या दोघांकडे उलट भाषांतराला जातो. नंतर भाषांतरकार आणि तज्ज्ञांच्या समितीची बैठक, आणि शेवटी ३० ते ४० रुग्णांवर पूर्वचाचणी. ही शेवटची पायरी गाळू नका. प्रत्येक प्रश्नाला 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा.

अडते कुठे? मूळ सूचनेत 'आज तुम्हाला अडचण येते का, किंवा आली असती का' असा अर्थ आहे. व्हिएतनामी क्रियापद काळानुसार बदलत नाही. 'नेउ', म्हणजे 'जर', हा शब्द स्पष्ट घातला नाही, तर कधीच न धावणारी व्यक्ती धावण्याचे प्रश्न कोरे सोडते आणि एकूण गुण कोलमडतात.

'चन्' या शब्दात मराठीतल्या 'पाय'सारखाच मांडीपासून तळव्यापर्यंतचा सगळा भाग येतो, त्यामुळे गुडघा हवा असेल तिथे गुडघाच लिहा. मोज्याला उत्तरेत 'तत्' म्हणतात, दक्षिणेत 'वऽ'. हनोई आणि सायगॉन दोन्हीकडचे रुग्ण असतील तर दोन्ही शब्द तिरक्या रेघेने द्या. 'तुम्ही'साठी सर्वांना चालेल असा एकच तटस्थ शब्द त्या भाषेत नाही. वयस्कांच्या छापील अर्जात 'ओंग/बा', म्हणजे आजोबा/आजी, हे आदरार्थी संबोधन ठीक बसते.

उत्तरांच्या पाच पायऱ्यांवर सर्वाधिक वेळ घालवा. 'बरीच'साठी 'खा' हा शब्द घेतला असेल, तर त्याचा अर्थ 'बऱ्यापैकी'. शाळेच्या निकालात तो मध्यमच्या वरचा, चांगला शेरा असतो. 'बरीच अडचण' आणि 'मध्यम अडचण' यांतला फरक तिथे पुसट होऊ शकतो. पाच पर्याय पाच चिठ्ठ्यांवर लिहा आणि रुग्णांना क्रमाने लावायला सांगा. बहुतेकांचा क्रम सारखा येत नसेल तर शब्द बदला.

छपाईकडेही लक्ष हवे. 'दाउ' म्हणजे दुखणे. स्वरचिन्हे आणि अक्षरांवरच्या खुणा गळाल्या तर उरलेली रोमन अक्षरे डोके, तेल किंवा कडधान्य अशीही वाचता येतात. अंतिम पीडीएफ व्हिएतनामी माणसाने कागदावर छापून वाचलीच पाहिजे.

प्रश्न : मोटारीत चढउतार, बाथटब, 'दोन ब्लॉक चालणे' हे प्रश्न तिथे लागू पडत नाहीत. ते बदलले तर चालतील?

उत्तर : बदलता येतात, पण हालचालीची मागणी तीच राहिली पाहिजे. मोटारीच्या जागी मोटरसायकल सहज सुचते. मात्र मोटारीत खालच्या आसनावर वळून बसावे लागते, तर स्कूटरवर पाय टाकून. गुडघ्याचे काम वेगळे. समितीने काय ठरवले आणि का, हे नोंदवून ठेवा. अंतर मीटरमध्ये द्या, आणि १ मैलाचा 'साधारण १ किलोमीटर' करू नका : मैल १.६ किलोमीटरचा असल्याने प्रश्न एक तृतीयांशाहून अधिक सोपा होतो. उकिडवे बसणे यादीत आहेच. चटईवर मांडी घालून जेवायला बसण्याबद्दल विचारायचे असेल तर वेगळा प्रश्न ठेवा, पण २० प्रश्नांच्या, ८० गुणांच्या बेरजेत तो मिसळू नका. मिसळलात तर इतर देशांतल्या गुणांशी तुलना संपली.

प्रश्न : विश्वासार्हता तपासायला किती रुग्ण, किती दिवसांनी?

उत्तर : फेरचाचणीला, म्हणजे त्याच रुग्णांना पुन्हा विचारायला, किमान ५०; अंतर्गत सुसंगतीला, म्हणजे प्रश्न एकमेकांशी जुळतात का हे पाहायला, किमान १००. दोन वेळांमध्ये साधारण १ ते २ आठवडे ठेवा. त्या काळात इंजेक्शन घेतलेले किंवा औषध बदललेले रुग्ण वगळा, आणि दुसऱ्या वेळी 'गुडघा आधीसारखाच आहे का?' हे विचारा. आयसीसी, म्हणजे दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ सांगणारा आकडा, ०.७० किंवा अधिक हवा. अंतर्गत सुसंगतीचा आकडा, म्हणजे अल्फा, ०.७० ते ०.९५ मध्ये असावा. त्याहून वर गेला तर काही प्रश्न एकमेकांची नक्कल करताहेत.

मोजमापाच्या चुकीचा आकडा, म्हणजे एसईएम, आधी काढा. त्याला १.९६ ने आणि २ च्या वर्गमुळाने गुणले की खात्रीने ओळखता येणारा किमान बदल मिळतो. एसईएम ४ आला तर तो सुमारे ११ गुण होतो. मूळ इंग्रजी मोजपट्टीसाठी असा बदल ९ गुणांचा दिला आहे, पण तो ९० टक्के खात्रीचा; १.९६ ने गुणून येणारा ९५ टक्के खात्रीचा असतो. तुमचा ११ आला असताना ९ गुणांनी सुधारलेल्या रुग्णाला 'सुधारला' म्हणता येणार नाही. १५ टक्क्यांहून अधिक रुग्ण सर्वात कमी किंवा सर्वात जास्त गुणांवर अडकले का, तेही पाहा. धावताना झटकन वळणे, उड्या मारणे या प्रश्नांना वयस्क रुग्णांत बहुतेकांकडून शून्यच येण्याची शक्यता आहे, म्हणून प्रश्नवार तक्ता अहवालात नक्की द्या.