लिंकनचा पक्ष आणि अलाबामाचा कोंबडा

अमेरिकेच्या २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा लाल-निळा नकाशा (लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅटिक) या सदरात छापला, त्यावर बरीच पत्रं आली. जन्मभर भूगोल शिकवल्यामुळे नकाशावरचा प्रश्न आला की मला राहवत नाही. त्यातले पाच प्रश्न घेते. पहिल्याला सर्वांत जास्त जागा देते आहे, कारण तो नीट कळला की पुढचे बरेचसे आपोआप उलगडतात.

प्रश्न : लिंकन रिपब्लिकन होता आणि त्याने गुलामगिरी संपवली. मग आज कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाला आणि दक्षिणेतली राज्यं रिपब्लिकन पक्षाला मतं का देतात? नववीच्या मुलांनी विचारलं, काय सांगू? (एक शिक्षिका, वाई)

ताई, मुलांना आधी कोंबड्याची गोष्ट सांगा. अलाबामा राज्यात मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह छापत असत, आपल्यासारखंच. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत ‘गोऱ्यांचं वर्चस्व’ ही घोषणा. ती घोषणा पक्षाने काढली १९६६ साली. म्हणजे केनेडी ज्या पक्षाचे अध्यक्ष, त्याच पक्षाच्या अलाबामा शाखेच्या चिन्हावर केनेडींच्या हत्येनंतरही दोन वर्षं हे शब्द होते. हे एवढं मुलांच्या मनात ठसलं की पक्षाचं नाव तेच राहूनही आतली माणसं आणि भूमिका बदलू शकतात, हे वेगळं समजावावं लागणार नाही.

आता क्रम लावू. यादवी युद्धात दक्षिण हरली. १८७७ मध्ये केंद्राचं सैन्य तिथून माघारी गेलं आणि गोऱ्यांनी सत्ता परत हातात घेतली. लिंकनच्या पक्षावर त्यांचा राग, म्हणून ते सगळे डेमोक्रॅट. कृष्णवर्णीयांची निष्ठा लिंकनच्या पक्षाशी, पण मतदानासाठी कर, साक्षरतेची परीक्षा आणि उघड दहशत अशा मार्गांनी त्यांचं मतच काढून घेतलेलं. मिसिसिपीत १९३६ साली डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्टना ९७ टक्के मतं पडली. राज्याची जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती, आणि त्या ९७ टक्क्यांत तिचा हिशेबच नाही.

त्याच निवडणुकीत उत्तरेत उलटी हालचाल झाली. दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्कला गेलेल्या कृष्णवर्णीयांना तिकडे मत देता येत होतं. १९३२ मध्ये त्यांच्यातले बहुतेक अजून रिपब्लिकन हूव्हरकडे होते. मंदीच्या काळात रूझवेल्टच्या योजनांतून काम आणि मदत मिळाली तसे १९३६ मध्ये त्यांच्यातले बहुतेक डेमोक्रॅट झाले. अशा रीतीने मिसिसिपीचा गोरा जमीनदार आणि शिकागोचा कृष्णवर्णीय मजूर एकाच पक्षात आले. एका वाड्यात दोन चुली मांडल्यासारखं झालं ते, आणि तशाच त्या जवळजवळ तीस वर्षं पेटत्या राहिल्या. १९४८ मध्ये पहिला तडा गेला. डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रूमन कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची बाजू घेतात म्हणून त्यांच्याच पक्षातले साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थर्मंड वेगळे लढले आणि दक्षिणेतली चार राज्यं घेऊन गेले.

मोठा घाव बसला २ जुलै १९६४ रोजी. डेमोक्रॅट अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये कायद्याच्या बाजूने ७३ आणि विरुद्ध २७ मतं पडली होती. विरोधातले २१ जण डेमोक्रॅट होते, जवळजवळ सगळे दक्षिणेचे. रिपब्लिकन विरोधक फक्त सहा, पण त्यांतले एक होते बॅरी गोल्डवॉटर, आणि त्याच वर्षी रिपब्लिकनांनी अध्यक्षपदासाठी त्यांनाच उभं केलं. गोल्डवॉटर देशभर सपाटून हरले, पण स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांनी जिंकलेली पाचही राज्यं खोल दक्षिणेतली होती. मिसिसिपीत त्यांना ८७ टक्के मतं मिळाली. रूझवेल्टचे ९७ आणि गोल्डवॉटरचे ८७ हे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मधे फक्त २८ वर्षं आहेत. त्याच निवडणुकीत उत्तरेतल्या वरमाँटने, जे पक्ष स्थापन झाल्यापासून एकदाही रिपब्लिकनांना सोडून गेलं नव्हतं, पहिल्यांदा डेमोक्रॅटला मत दिलं.

इथवरची हकीकत पुस्तकात मिळते. मला जे फार महत्त्वाचं वाटतं ते याच्यानंतरचं आहे. माझी बहीण अलाबामात माँटगोमेरीला राहायची. तिच्याकडे गेले की आम्ही हमरस्ता ८० ने सेल्माकडे जायचो. वाटेत लाऊंड्स काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) लागते. तिथली माती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी गाडी थांबवायला लावली : काळी, चिकट, कापसाची. आपली काळी माती बेसाल्टची, ती चुनखडीची. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीतून ती झाली. त्या पट्ट्यात कापूस आला, कापसासाठी गुलाम आणले गेले, आणि त्यांचे वंशज आजही तिथेच राहतात. अलाबामाच्या काउंटीवार निकालाचा नकाशा पाहा, लाल राज्याच्या मधून एक निळा पट्टा आडवा जातो. मातीचा नकाशा त्यावर ठेवला तर दोन्ही बऱ्यापैकी जुळतात. माझ्या दृष्टीने भूगोल शिकवायला यापेक्षा चांगला धडा नाही.

याच लाऊंड्समध्ये १९६५ उजाडलं तेव्हा शंभरातले ऐंशीच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते आणि मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. मार्चमध्ये मतदानाच्या हक्कासाठीची सेल्मा ते माँटगोमेरी पदयात्रा याच रस्त्यावरून गेली, ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. लाऊंड्सच्या लोकांनी कोंबड्याला मत द्यायचं नाही म्हणून स्वतःचा स्थानिक पक्ष काढला आणि चिन्ह घेतलं काळा चित्ता. १९७० मध्ये त्या चळवळीतले जॉन ह्यूलेट तिथले शेरीफ, म्हणजे लोकांनी निवडलेले पोलीसप्रमुख, झाले. ज्या खात्याच्या भीतीने लोक यादीत नाव घालायला धजत नव्हते, त्याच खात्याचे प्रमुख.

गोऱ्यांची हालचाल मात्र फार सावकाश झाली, आणि वरून खाली झाली. बहिणीचे शेजारी निवृत्त पोस्टमन होते. अध्यक्षपदासाठी दोन्ही वेळा रिपब्लिकन रीगनना मत दिलं, पण शेरीफ आणि न्यायाधीश डेमोक्रॅटच निवडले, असं ते सांगत. कारण विचारलं तर म्हणाले, “वॉशिंग्टनचा माणूस मी टीव्हीवर बघतो, शेरीफ मला नावाने हाक मारतो.” अलाबामाने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकनला मत दिलं १९६४ मध्ये. (मधे १९७६ ला शेजारच्या जॉर्जियाचे डेमोक्रॅट कार्टर उभे होते म्हणून एकदा मागे फिरलं.) रिपब्लिकन गव्हर्नर आला १९८६ च्या निवडणुकीत. विधिमंडळ रिपब्लिकनांकडे गेलं ते २०१० मध्ये. वरचं मत आणि खालचं मत यांत ४६ वर्षांचं अंतर पडलं. दोन्ही पक्षांनी एका रात्रीत जागा बदलल्या असं मुलांना कुणी सांगितलं, तर हे तीन आकडे पुढे ठेवा.

प्रश्न : मी वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीत) तीस वर्षं होतो, संघटनेचं काम केलं. वेस्ट व्हर्जिनियाचे खाणकामगार रिपब्लिकनांकडे कसे गेले? (चंद्रपूर)

भाऊ, तुम्हाला त्या राज्याचा इतिहास आपला वाटेल. १९२१ मध्ये ब्लेअर डोंगरावर हजारो खाणकामगार बंदुका घेऊन कंपन्यांविरुद्ध उभे राहिले होते. १९३२ ते १९९६ या काळात या राज्याने अध्यक्षपदासाठी फक्त तीनदा रिपब्लिकनला कौल दिला. १९८० मध्ये रीगनच्या लाटेतही कार्टरच्या मागे राहिलेल्या सहा राज्यांत ते होतं. आज तिथल्या सगळ्या ५५ काउंट्या रिपब्लिकन आहेत, आणि २०१२ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत तसंच आहे.

मॅकडॉवेल काउंटी घ्या. १९५० मध्ये वस्ती लाखाच्या जवळ, २०२० मध्ये १९ हजार. केनेडींच्या १९६१ च्या योजनेतली धान्याची पहिली कुपनं याच काउंटीतल्या कुटुंबाला मिळाली. २००८ मध्ये ती ओबामांसोबत होती, चार वर्षांनी नव्हती. कोळसा काढायला यंत्रं आली, माणसं कमी लागली. एके काळी राज्यात लाखाहून जास्त खाणकामगार होते, आता वीस हजारांच्याही खाली आहेत. कामगार गेले तशी संघटनेची कचेरी, तिथल्या सभा, उमेदवाराची माहिती घरोघर पोचवणारा माणूसही गेला. मत कुणाला द्यायचं हे संघटनेत ठरायचं, ते पुढे चर्चमध्ये आणि टीव्हीसमोर ठरू लागलं. त्यात डेमोक्रॅटिक पक्ष प्रदूषणाच्या नियमांचा आग्रह धरू लागला, आणि उरलेल्या खाणी त्याच्यामुळेच बंद पडतात असं लोकांना वाटलं.

संघटना मोडली की मतही मोकळं होतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. डेमोक्रॅट नेत्यांनी मात्र हे राज्य गृहीत धरलं, आणि त्याची किंमत २००० साली मोजली. सगळं जग फ्लोरिडाची मोजणी बघत बसलं होतं. अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या इलेक्टोरल मतांवर; डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांनी वेस्ट व्हर्जिनियाची अशी पाच मतं राखली असती, तर फ्लोरिडाची गरजच पडली नसती.

प्रश्न : अमेरिकेत गोऱ्यांचं प्रमाण घटतंय. मग पुढे डेमोक्रॅटच जिंकत राहणार, हे गणित बरोबर आहे का? (पदवीचा विद्यार्थी, फोंडा)

ओबामा दुसऱ्यांदा जिंकल्यावर बऱ्याच जाणत्या लोकांनी हेच गणित मांडलं होतं. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, कारण त्यात माणूस म्हणजे त्याचा वंश असं धरलेलं आहे. टेक्सासमधली स्टार काउंटी पाहा. मेक्सिकोच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या काठी. वस्ती जवळजवळ सगळी मेक्सिकन वंशाची. २०१२ मध्ये ओबामांना तिथे ८६ टक्के मतं होती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन सुमारे ६० टक्के गुणांनी पुढे होत्या, २०२० मध्ये बायडन जेमतेम पाचने. २०२४ मध्ये ट्रम्प तिथे जिंकले. त्याआधी तिथे रिपब्लिकन जिंकला होता १८९२ साली. तिथले बरेच लोक तेलाच्या विहिरींवर आणि सीमेच्या पहाऱ्यावर नोकरी करतात, त्यात महागाईची झळ. नदीपलीकडून येणाऱ्यांविषयी त्यांचं मत वॉशिंग्टनमधल्या सल्लागाराने ठरवलेल्या चौकटीत बसत नाही.

उलट दिशेचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचं. रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन तिथलेच. १९३६ नंतर ती पहिल्यांदा डेमोक्रॅटकडे वळली २०१६ मध्ये. पदवीधर, सुस्थितीतली उपनगरं एकीकडे सरकली आणि पदवी नसलेला कामगार दुसरीकडे. आज मतदाराच्या कलाचा अंदाज बांधताना मी आधी त्याचं शिक्षण बघते.

तू गणिताचा उल्लेख केलास म्हणून एक खरंखुरं गणितही ध्यानात ठेव. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर राज्यांची इलेक्टोरल मतं बदलतात. १९३६ मध्ये न्यूयॉर्कची ४७ होती, आता २८. फ्लोरिडाची तेव्हा ७, आता ३०. एकाही मतदाराने विचार बदलला नाही तरी लोकांच्या स्थलांतराने निकाल फिरू शकतो.

प्रश्न : मुलगा व्हर्जिनियात लाउडन काउंटीत असतो. आपल्या लोकांच्या मतांनी तिथे काही फरक पडतो का? (पुणे)

पडतो, वहिनी. व्हर्जिनियाने १९६८ ते २००४ प्रत्येक वेळी रिपब्लिकन अध्यक्षाला मत दिलं, २००८ पासून एकदाही नाही. हे वळण आणलं ते मुख्यतः वॉशिंग्टनलगतच्या फेअरफॅक्स, लाउडनसारख्या भागांनी. तिथे संगणकाच्या नोकऱ्यांमुळे आलेले भारतीय मोठ्या संख्येने आहेत. त्यांतले बहुतेक डेमोक्रॅटकडे झुकतात, अलीकडे तो झुकाव थोडा कमी झालाय, विशेषतः तरुण पुरुषांत. आणि मराठी माणूस फक्त मतदारच आहे असंही नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून, डेट्रॉईटचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघातून, प्रतिनिधिगृहात निवडून गेले. मुलाला नागरिकत्व मिळालं असेल तर राज्याच्या विधिमंडळाची निवडणूकही चुकवू नको म्हणावं. व्हर्जिनियात ती विषम वर्षी होते आणि लोक विसरतात.

प्रश्न : लाल आणि निळा हे रंग पक्षांनी कधी घेतले? (आठवीची विद्यार्थिनी, लातूर)

पक्षांनी ते घेतलेच नाहीत गं, टीव्हीवाल्यांनी दिले, आणि तेही २००० च्या निवडणुकीपर्यंत प्रत्येक वाहिनीचे वेगळे असत. १९८० मध्ये एनबीसी वाहिनीने रीगनची राज्यं निळी दाखवली होती. २००० चा निकाल महिनाभर लांबला, सगळीकडे रोज तोच नकाशा दिसत राहिला आणि रंग पक्के झाले. प्रकल्पासाठी जुना नकाशा उतरवून घेशील तेव्हा कोपऱ्यातली सूची आधी वाच.