सीईटीला ८८ पर्सेंटाइल आलेत, घरात सगळे टेन्शनमध्ये, इंजिनिअरिंगचं कॉलेज शोधताना डोकं शांत कसं ठेवायचं?

तू लिहिलंय की पप्पा रोज रात्री मागच्या वर्षीचे कटऑफ काढून बसतात, आत्या फोनवर नवीन कॉलेज सांगते आणि तुला झोप लागत नाही. मागच्या वर्षी लहान भावाच्या वेळेस आमच्या घरी हेच होऊन राहिलं होतं, म्हणून लिहिते.

पहिले तर ८८ पर्सेंटाइल म्हणजे ८८ टक्के मार्क नाही, परीक्षा दिलेल्या दर शंभरातले ८८ जण तुझ्या बरोबरीला किंवा मागे आहेत. आणि कटऑफ म्हणजे मागच्या वेळेस शेवटची सीट कितीवर गेली एवढंच, तिथे शिकवतात कसं हे त्यात कुठेच नसते. आम्ही मात्र जूनभर तेच वाचत होतो, भाऊ जेवताना पण ताटाशेजारी मोबाईल ठेवून पीडीएफ सरकवत होता.

मग एका दिवशी मीच त्याला गाडीवर मागे बसवलं आणि शहराबाहेरची दोन कॉलेजं पाहून आलो, त्याला सिव्हिल घ्यायचं होतं. पहिल्याचं कटऑफ जास्त, गेट मोठं, पण लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे दाबून तोडायची जी मशीन असते ना तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर आणि कव्हरवर बोटभर धूळ. दुसरी बिल्डिंग साधीच होती, पण तिथे टाक्यात ठोकळे पाण्यात बुडवून ठेवलेले, प्रत्येकावर पोरांनी मार्करनं तारीख टाकलेली, आणि लॅबवाल्या काकांनी स्वतः होऊन सांगितलं की २८ दिवसांनी काढून तोडतो. येताना भाऊ गाडीवर एक शब्द बोलला नाही, घरी आला आणि वही घेऊन पहिल्यांदा स्वतःची यादी लिहायला बसला.

फॉर्मचं एक नीट समजून घे कारण अर्धं टेन्शन तिथलंच आहे. कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांमध्ये, तुझ्या मेरिटला बसणारा यादीतला सगळ्यात वरचा जो ऑप्शन असेल तो मिळतो, त्यामुळे "हे मिळणारच नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलू नको, वर टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. पण पहिल्याच राऊंडला पहिला ऑप्शन लागला तर तोच पक्का होतो, पुढच्या राऊंडमध्ये जाता येत नाही, म्हणून पहिल्या नंबरवर कोणाला दाखवायला काही लिहू नको. जिथे खरंच जाणार नाहीस ते यादीतच नको.

पैशाची चिंता असेल तर हेही पाहा, ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसीमधून असशील आणि घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर २०२४ पासून मुलींना कॅपमधून घेतलेल्या सीटवर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरते त्या सीटला हे मिळत नाही, त्यामुळे घाबरून कोणी आत्ताच सीट बुक करा म्हणत असेल तर थांब.

कॉलेज चालू असेल अशा दिवशी जा, शक्यतो रोज जाशील त्याच बसनं, किती वेळ लागतो ते कळेल. बाहेरच्या टपरीवर थर्ड इयरच्या पोरी दिसल्या की विचार, सर तासाला येतात का, प्रॅक्टिकल हातानं करायला मिळतं का. आणि पप्पांना सोबत ने, ऑफिसात बसवून ठेवू नको, लॅबपर्यंत घेऊन जा.