फॉस्टर कुटुंबातून परत आलेली मुलगी ‘मला काकूंकडे जायचंय’ म्हणते. मी आई म्हणून कमी पडतेय का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा गेला, पाठोपाठ तुम्हाला टीबी झाला आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाने दोन्ही मुलं फॉस्टर कुटुंबात, म्हणजे काही काळ मुलांना सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात राहिली. परत आल्यावर महिनाभर सगळं सुरळीत होतं. आता नऊ वर्षांची लेक उठता-बसता तिथल्या काकूंचं नाव काढते, उशीखाली बिस्किटं लपवते, आणि धाकटा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय.

नाही ताई, तुम्ही कमी पडत नाही आहात. घरी परतलेल्या मुलांच्या गृहभेटी करणं हे माझं काम आहे, आणि हा क्रम मी कितीतरी घरांत पाहिलाय. सुरुवातीला मुलं पाहुण्यासारखी वागतात. स्वतःचं ताट उचलतात, हट्ट करत नाहीत, कारण इथे राहायचंय की पुन्हा कुणी घेऊन जाणार हेच त्यांना कळलेलं नसतं. जरा भरवसा वाटायला लागला की आत दाबून ठेवलेलं बाहेर पडतं, आणि ते आईवरच निघतं.

बिस्किटांवरून रागावू नका. एका घरी मुलगी कंपासपेटीत चपातीचे तुकडे ठेवायची, त्यांना मुंग्या लागायच्या. तिच्या आईने फळीवर तिच्या हाताला येईल असा एक डबा ठेवला. चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, कधीही घे, विचारायचं नाही. डबा रिकामा दिसला की आई न बोलता भरायची. काही आठवड्यांनी कंपासपेटीत फक्त कंपास उरला.

धाकट्याच्या अंथरुणाचा विषय शेजाऱ्यांसमोर काढू नका. लघवीला जळजळ किंवा ताप असेल, किंवा हे थांबतच नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता काकूंबद्दल. तुम्हाला ते ऐकून किती लागत असेल याची मला कल्पना आहे. पण लेकीचं घर दोनदा सुटलंय, आधी तुमचं आणि मग त्यांचं. त्यांचं नाव घ्यायचीही चोरी झाली तर ती तुमच्यापासून लपवायला शिकेल. काकू कोणती भाजी करायच्या, झोपताना काय सांगायच्या, हे तुम्हीच विचारा आणि त्यातलं एखादं आपल्या घरात चालू ठेवा. त्या कुटुंबाची तयारी असेल तर तुमच्याकडे गृहभेटीला येणाऱ्या मॅडमशी बोलून आठवड्यातून एक फोन ठरवा. फोन झाल्यावर ‘काय म्हणाल्या?’ अशी उलटतपासणी मात्र नको.

शाळेचंही लिहिलंय तुम्ही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये तसं स्पष्ट आहे. मुख्याध्यापकांना हे शांतपणे सांगा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची: ‘मॅडम आल्या की मी सगळं छान आहे म्हणते, नाहीतर मुलं परत नेतील.’ ही भीती मला दारातच दिसते. घर आवरलेलं असतं, मुलं धुतलेल्या कपड्यांत बसलेली असतात, आणि आई डोळ्याला डोळा देत नाही. ताई, अंथरूण ओलं होतं किंवा मुलगी रडते, एवढ्यावरून मुलं काढून नेत नाहीत. ही भेट मुलं घरी टिकावीत म्हणूनच असते, आणि अडचण कळलीच नाही तर मदत मागायची तरी कशाची? रात्री रडू आवरत नाही, हेही सांगा. त्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

आणि पैशाचं बोलायला लाजू नका. राज्याच्या बाल संगोपन योजनेत दरमहा 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल सांभाळायला मदत म्हणून, दरमहा 4,000 रुपये आहेत, त्याला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000 रुपये. तुमच्या मुलांना यातलं काय लागू होतं ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळेल. नवऱ्याचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, मुलांची आधार कार्डं आणि समितीचा आदेश एका पिशवीत काढून ठेवा, आणि पुढच्या भेटीत मॅडमना बसवून आधी हाच विषय काढा.