स्टीफन किंगच्या 'मिझरी' कादंबरीत भीती वाढवण्यासाठी कोणती वाङ्मयीन तंत्रे वापरली आहेत?

एकही भूत नसताना घाम फुटतो, याचं श्रेय मी आधी निवेदनाला देईन. १९८७ सालच्या या कादंबरीचं निवेदन तृतीयपुरुषी आहे, पण ते पॉल शेल्डनच्या डोक्याबाहेर जात नाही. अपघातात पाय मोडलेला हा लेखक ॲनी विल्क्सच्या घरात अंथरुणाला खिळलेला. ती खोलीबाहेर गेली की काय करतेय, हे आपल्यालाही त्याच्याइतकंच कळतं. गाडीचा आवाज, कुलपात फिरणारी किल्ली... जीव टांगणीला लागतो तो इथेच.

दुसरं तंत्र म्हणजे कादंबरीतली कादंबरी, आणि मला तेच सगळ्यात आवडतं. पॉलने आपल्या आधीच्या पुस्तकात मारून टाकलेल्या मिझरी या नायिकेला परत आणणारं पुस्तक ॲनी त्याच्याकडून लिहून घेते. त्याची पानंही अधूनमधून येतात. टाइपरायटरचं 'एन' अक्षर तुटलेलं, म्हणून ते हाताने भरलेलं. पुढे आणखी अक्षरं गळतात, आणि पॉलच्या शरीराचंही तेच होतं (जास्त सांगत नाही, मजा जाईल). गोष्ट चालू तोवर जीव शाबूत, म्हणून तो स्वतःची तुलना अरबी कथांमधल्या शहरजादशी करतो.

वेदनेला भरती-ओहोटीचं रूपक आहे: औषध उतरलं की पाण्याखालचे मोडके खांब उघडे पडतात.

उपरोध तर जागोजागी. कैदेत ठेवणारी बाई पूर्वीची नर्स, वर त्याची एक नंबरची चाहती! तिच्या शिव्याही बालवाडीतल्या वाटाव्यात अशा. हातात कुऱ्हाड घेणाऱ्या बाईच्या तोंडी त्या ऐकून हसूही येत नाही.