लग्न करून जर्मनीला यावं का, असं विचारलंस म्हणून

तू लिहिलंस, ‘ताई, म्युनिकला नोकरी लागलीय. जोडीदाराला सोबत न्यायचं तर आधी लग्न करावं लागेल. पण माझ्या दोन जवळच्या मैत्रिणी जोडीनं राहतात, त्यांना तो हक्कच नाही. मन खातंय.’ व्हिसाची यादी दूतावासाच्या साइटवर आहे, ती सांगत बसत नाही.

आम्हीही 2016 मध्ये पुण्यात विशेष विवाह कायद्यानं लग्न केलं ते व्हिसासाठीच. नोटिशीचे तीस दिवस, मग तीन साक्षीदार. त्यांतल्या दोघी अशाच, वर्षानुवर्षं एकत्र राहणाऱ्या. वधूशी नातं काय, असं कारकुनानं विचारलं. दोघींनी ‘मैत्रीण’ सांगून सह्या केल्या. त्या एकमेकींच्या कोण, हे कुणी विचारलं नाही. त्या एका दाखल्यावर नवऱ्याला इथं राहायचा परवाना, कामाची मुभा, माझ्याच आरोग्य विम्यात जागा, सगळं मिळालं. एका कागदावर आईचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, एवढ्यावरून फाइल किती रखडली! ते रडगाणं मी त्या दोघींतल्या एकीलाच फोनवर ऐकवायचे. ती मुकाट ऐकून घ्यायची.

1 ऑक्टोबर 2017 पासून जर्मनीत समलिंगी जोडप्यांना लग्न करता येतं. दोघी हरखल्या, एकीनं नोकरीही शोधली. पण दुसरीला इथं येऊन लग्न करायचं तर भारतातले कागद पडताळून घ्यावे लागतात आणि त्यासाठी दूतावासानं नेमलेला माणूस चौकशीला थेट गावापर्यंत जाऊ शकतो. तिच्या घरी काहीच माहीत नाही. तिनं नको म्हटलं, आणि पहिलीनं नोकरी सोडून दिली. याचा मला आजही राग येतो.

17 ऑक्टोबर 2023 ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता देण्याचा प्रश्न संसदेवर सोपवला, जानेवारी 2025 मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. निकालाच्या दिवशी, माझं रडगाणं ऐकून घेणाऱ्या त्या मैत्रिणीला फोन करायला मला धीर झाला नाही. माझा संसार ज्या सहीवर उभा राहिला, ती तिची.

एकटेपणाचंही विचारलंस. पहिला हिवाळा जड जातो, मग जमतं.

तू लग्न कर. तू थांबलीस म्हणून त्यांच्या पदरात काही पडणार नाही, आणि केलंस तरी मन खायचं थांबणार नाही. माझं अजून थांबलेलं नाही. फक्त त्यांना साक्षीदार म्हणून गृहीत धरू नकोस. आधी विचार, नाही म्हणायला वाव ठेव. आणि ‘तुमचंही होईल’ असं म्हणू नकोस. ते आपल्या हातात नाही.